पासबुकाले वाघ खात नाई

टेंडाईला त्याच्या तीन गाई विकायचा सल्ला मी दिला. त्यानं तो मागितला नव्हता.

हे आधीच सांगून टाकलं, कारण माझी सवय अशी की गोष्ट लांबवत न्यायची आणि स्वतःच्या चुकीपाशी आलो की चहा मागवायचा. तर चूक झाली सांगून. आता निघालो कसा ते सांगतो.

चामोर्शीच्या स्टँडवर बाबा सोडायला आले होते. हातात थैली, थैलीत घरचा पाच किलो तांदूळ. मी म्हटलं, विमानात वजन मोजतात. "मोजू दे. मोजल्यानं कमी होते का?" गाडी सुटेपर्यंत ते कंडक्टरला विचारत राहिले की गाडी नक्की नागपूरलेच जाते ना. झिम्बाब्वे त्यांच्या लेखी नागपूरच्या जरा पुढं होतं. शेवटी खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडं कोणाले अक्कल शिकवू नोको, बाबू." मी हसलो. बापाला आपलं पोरगं किती पुरतं ओळखता येतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

त्याआधी अकरा वर्षं मी चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कंत्राटी वेल्डर होतो. बॉयलरची नळी फुटली की आत शिरायचं, जोडायचं, राखेनं माखून बाहेर यायचं. आमच्या ठेकेदाराला तिकडच्या एका वीज केंद्राचं काम मिळालं आणि तो आम्हा सहा जणांना घेऊन गेला. पगार डॉलरच्या हिशेबानं, थेट चामोर्शीच्या खात्यात. तिथं हातखर्चापुरतं रोख. पोचलो तर कोळसा तोच, राख तीच, धुरांडी तशीच. फक्त आजूबाजूच्या जंगलात वाघाऐवजी सिंह. तुमच्यातले जे माझ्यासारखे हेल्मेट घेऊन कुठंकुठं गेले, त्यांना हे माहीत आहे: इतकं लांब जाऊन माणूस पुन्हा त्याच भोकातून आत शिरतो.

टेंडाई माझा जोडीदार. तिथला फिटर, तिशीतला, उंच, माझ्यापेक्षा हुशार. मला ‘मुधारा’ म्हणायचा, म्हणजे म्हातारबा. मी एकेचाळीसचा होतो. त्याचं इंग्रजी शाळेतलं, माझं बॉयलरमधलं, पण आत शिरल्यावर दोघंही हातांनीच बोलायचो. रुडो नावाच्या नर्सशी त्याचं लग्न ठरलं होतं. त्यांच्यात मुलीच्या बापाला गाई द्यायची रीत. टेंडाईनं पाच वर्षांत एकेक करून तीन गाई जमवल्या होत्या, गावी आईपाशी ठेवल्या होत्या. मका निघाला की गाई सासऱ्याच्या दारात जाणार आणि रुडो टेंडाईच्या घरात येणार. सगळं त्या तीन गाईंवर बांधलेलं होतं.

एका सोमवारी तो उतरल्या तोंडानं कामावर आला. शेजाऱ्याची गाय सिंहानं नेली होती.

आता इथं गप्प बसायला काय हरकत होती? पण मी पडलो वाघाच्या जिल्ह्यातला. निघायच्या दोन वर्षं आधी आमची कपिली गाय नाल्यापाशी वाघानं मारली होती. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, भरपाई बाबांच्या खात्यात पडली. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मी मात्र पासबुकातली नोंद बघून एक सिद्धांत काढला आणि गावभर वाटला: गायीले वाघ खाते, पासबुकाले वाघ खात नाई. तोच सिद्धांत मी टेंडाईला मोडक्या इंग्रजीत ऐकवला. बँकेत सिंह शिरत नाही. तो हसला. मी थांबलो नाही. जेवणाच्या सुट्टीत, परांचीवर चढताना, नळी तापत असताना, माझं एकच: विक, खात्यात ठेव, मका निघाला की सासऱ्याला पैसे दे, तो त्याच्या पसंतीच्या घेईल.

एका रविवारी तो मला गावी घेऊन गेला, तर त्याच्या आईनं नको म्हटलं. त्या देशात पैसा एकदा मेला होता, दहाएक वर्षांपूर्वी. म्हातारीच्या डब्यात तेव्हाची एक नोट होती. तिच्यावरची शून्यं मोजताना मी दोनदा चुकलो. नंतर सरकारनं आपला पैसा बाजूला ठेवून अमेरिकेचा डॉलर चालू दिला होता. मी म्हटलं, माय, ते जुनं झालं, आता खात्यात डॉलर आहेत, डॉलरला काय होते? टेंडाईनं ते तिला तिच्या भाषेत सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं नोट परत डब्यात ठेवली.

खरं म्हणजे दिसत होतं. दुकानात एकाच साखरेचे तीन भाव होते. हिरवा डॉलर हातात दिला तर एक, तिथली छापील नोट दिली तर दुसरा, आणि फोनवरून खात्यातला डॉलर दिला तर सगळ्यांत जास्त. मला वाटलं, चंद्रपुरात कापडवाला रोखीवर सूट देतो तसं असेल. बँकेपुढं माणसं दिवसभर रांगेत बसलेली. मला वाटलं, नोटबंदीत आपणही बसलो होतो, उठलो की नाही? माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला चंद्रपूरचं उत्तर तयार होतं.

गाई गेल्या. पैसे आले. टेंडाईनं फोनवरचा आकडा मला दाखवला आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारली. बाकी पुष्कळ विसरलो, ती थाप विसरलो नाही.

मका अजून हिरवा होता तेव्हा पेट्रोलचा भाव एका रात्रीत दुपटीच्या वर गेला. लोक रस्त्यावर आले, मग शिपाई आले, मग फोनचं इंटरनेट बंद झालं. आम्हा भारतीयांना कॅम्पातून बाहेर पडू नका म्हणून सांगितलं. आम्ही पत्ते खेळलो. आठवड्यानं कामावर गेलो तर दोन माणसं कमी होती. कुठं गेली, कोणी विचारलं नाही, मीही नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारनं जाहीर केलं की खात्यातले डॉलर हे डॉलर नव्हेत, तो आपला देशी पैसा आहे, आणि त्याचा भाव वेगळा राहील. आकडा तोच राहिला. पासबुक फाटलं नाही, जळलं नाही. फक्त आतलं निघून गेलं. वाघ खातो तेव्हा निदान हाडं सापडतात.

पहिल्या महिन्यात टेंडाईचे पैसे दोन गाईंचे झाले. मग एका गाईचे. मका खळ्यावर आला तेव्हा एका शेळीचे. त्यानंतर मी विचारणं सोडलं.

वेल्डरला माहीत असतं, खरा खोल चटका बसला की तिथं दुखत नाही. कडेला दुखतं, मधे काही नसतं. ते वर्षभर मला तसं होतं. दुकानदारानं भाव खडूनं लिहायला सुरुवात केली, नंतर लिहिणंच सोडलं. पगाराच्या दिवशी फोन वाजला की तिथले कामगार पाना टाकून गेटकडे पळायचे, संध्याकाळपर्यंत पैशाचं तेल, साखर, सिमेंट व्हायला पाहिजे म्हणून. साहेब लोक काही बोलत नसत, तेही पळायचे. रेडिओवर सांगत की भाव वाढवणारे देशाचे शत्रू आहेत, आणि स्टँडवर नोटा बदलून देणाऱ्या बाया पोलीस गाडीत घालून न्यायचे. रुडोचा महिन्याचा पगार दवाखान्याच्या बसभाड्याला पुरेना, म्हणून नर्सा आठवड्यातून दोनच दिवस जायच्या. बाकीचे दिवस रोग्यांनी काय केलं, ते रोग्यांनाच माहीत. शाळेचे मास्तर शेजारच्या देशात गेले, फिटर गेले, इंजिनियर गेले. देश एका दारानं रिकामा होत होता आणि दुसऱ्या दारानं आम्ही सहा जण तांदळाची थैली घेऊन आत शिरलो होतो. एखाद्यानं सरकारला शिवी दिली की आधी मान वळवून मागं बघायचा. पुढंपुढं शिवीही बंद झाली. लोक फक्त विचारत, आज भाव काय.

माझे पैसे चामोर्शीत सुखरूप होते. हेही लिहून टाकतो. माझ्या खात्यात तीन गाईंचे पैसे होते, एकदा नाही, चारदा होते. पण घरावर स्लॅब टाकायचा होता. मी स्वतःला सांगत राहिलो की सल्ला फुकट होता, फुकटच्या मालाची गॅरंटी नसते.

रुडोच्या बापानं खात्यातले पैसे घेतले नाहीत. चांगला माणूस, रागावला नाही. म्हणाला, कागद माझ्या अंगणात चरत नाही. लग्न थांबलं. टेंडाई कामावर यायचा, माझ्यासोबत आत शिरायचा, काही बोलायचा नाही. एका दुपारी मला ते सहन होईना म्हणून मी त्याला आमच्या मडावी काकांची गोष्ट सांगितली. मडावी काका आमच्या शेताला लागून शेत असलेले गोंड शेतकरी, बाबांचे सोबती. लग्नाच्या वेळी त्यांच्याकडे मुलीच्या घरी द्यायला काही नव्हतं, तर चार वर्षं सासऱ्याच्या बांधीत धान लावलं, कापलं आणि काकूला आणलं. टेंडाई ऐकत राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडेही आजोबाच्या काळी असंच होतं. मुधारा, तू मला आजोबापर्यंत मागं नेऊन सोडलंस."

पुढच्या महिन्यात त्यानं वीज केंद्र सोडलं आणि सासऱ्याच्या शेतावर राबायला गेला. नळी जोडणारे ते हात, पूर्ण केंद्रात तसे दुसरे नव्हते, मक्यात खुरपणी करायला लागले. कोणी त्याला मूर्ख म्हटलं नाही. तिथं निदान संध्याकाळी जेवण मिळतं, एवढंच म्हणाले.

माझा करार संपला तेव्हा मी त्याला एका गाईचे डॉलर दिले, हिरवे, हातात. तीनचे का नाही, ते वर सांगितलंच आहे. त्यानं घेतले, आणि त्याच दिवशी गाय घेतली. दोन पावसाळे राबल्यावर रुडो त्याच्या घरी आली. फोटो पाठवला त्यानं. फोटोत रुडो आहे, तो आहे, मधे गाय आहे. खाली काही लिहिलं नव्हतं.

परत येऊन आता बराच काळ झाला. स्लॅब पडला आहे. ऊर्जानगरला पुन्हा ठेकेदारीत आहे, सुट्टीत गावी येतो. पूर्वी धान कापणीच्या वेळी बाबा मजुरी धानात मोजायचे, तर मी हसायचो. म्हणायचो, बाबा, आता सगळे रोख देतात, फोनवरून देतात. ते म्हणायचे, "राजा बदलते, पायली नाई बदलत." लाकडी माप आहे, आजोबांचं, कडेला पत्रा ठोकलेलं. आता मी खळ्यावर बसतो आणि ते भरताना बघत राहतो. त्याचा आवाज ऐकायला बरं वाटतं, एवढंच सांगू शकतो. घर म्हणजे काय असं कोणी विचारलं तर माझ्याकडे तेवढंच आहे: जिथं कालची पायली आजही पायलीच असते. बाकी घराबद्दल काही वाटायला पाहिजे, ते वाटत नाही. येईल कधी तर येईल.

यंदा खळ्यावर मडावी काका म्हणाले की नाल्यापाशी पुन्हा पंजे दिसून राह्यले. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "बाबा, दोन्ही गाई विकून टाका."

बाबांची पायली हातात तशीच राहिली. दोघंही माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मला सगळं सांगावं लागलं. टेंडाई, गाई, खातं, शेळी, स्लॅब. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. धानावरच्या चिमण्या हाकलत मडावी काकांनी पूर्ण ऐकलं.

"किती गाई होत्या त्याच्या?"

"तीन."

"अन् सिंहानं किती नेल्या?"

"त्याच्या? एकबी नाई."

काकांनी पोत्याचं तोंड उघडून धरलं. बाबांनी पायली भरली, वरचं धान हातानं सपाट केलं, काकांच्या पोत्यात ओतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"वाघ परवडला, बाबू. तो एका टायमाले एकच नेते."