दोरीच्या बाहेर
१९७४ च्या हिवाळ्यात मानवतला कबड्डीचा अंतिम सामना झाला आणि आमचं मंडळ जिंतूरच्या संघाकडून एका गुणानं हरलं. शेवटची चढाई करणारा खेळाडू आदल्या वर्षापर्यंत आमचाच होता. जिंतूरच्या कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीसाठी त्यानं संघ बदलला होता.

आमच्या खेळाडूंचे पाय चोळायला एक म्हातारा असे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. करडईचं तेल तो आधी स्वतःच्या तळहातावर कोमट करी, मगच पायाला लावी. त्या दिवशी सामना संपत आला असताना जिंतूरकडून खेळणाऱ्या त्या खेळाडूच्या पोटरीत गोळा आला. पंचांनी खेळ थांबवला. म्हातारा सवयीनं उठला, पलीकडे गेला आणि पोटरी मोकळी करून परत आला. त्यानंतरच्या चढाईत सामना गेला.

"आबा, कुणाचे पाय दाबायलात तुमी?" मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं.

"ह्याचेच दाबीत आलो की इतकी वर्सं. बनियन बदलली सायब, पोटरी तीच हाय."

"मग जा त्याच्याच मागं जिंतूरला."

"त्यानं तरी कुठं बलावलंय?"

म्हाताऱ्याला मैदानाच्या दोरीच्या आत यायची मनाई झाली. खेळाडू त्याच्याशी न बोलताच जिंतूरच्या गाडीत बसला.

पुढच्या हंगामात तो खेळाडू आमच्या मंडळात परत आला. अध्यक्षांनी त्याला हार घातला. पहिल्या सामन्याआधी त्याचे पाय दुसऱ्याच माणसानं चोळले. म्हातारा तेलाची बाटली घेऊन दोरीच्या बाहेर उभा होता.