तनूची आजीकडची पहिली रात्र आणि आमची परळीच्या लॉजवरची

या वेळी येळवशीला जायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. ते ठरवलं सासूबाईंनी, फोनवर. "पोरीला एक रात्र माझ्यापाशी ठेव. तुमी दोघं मातर गावात थांबायचं न्हाई. तू दिसलीस की ती झोपायची न्हाई."

आमची तनू सहा वर्षांची. माझ्याशिवाय एक रात्रही कुठे राहिलेली नाही. दिवाळीत एकदा प्रयत्न झाला होता, पण तिने असं काही भोकाड पसरलं की आत्यांनी (मी सासूबाईंना आत्या म्हणते) स्वतःच तिला उचलून माझ्या अंथरुणात आणून टाकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही निघताना नेहमीसारखं "पोरीला ठेवून जा" म्हणाल्या नाहीत. त्यामुळे हा फोन आला तेव्हा मला बरं वाटलं आणि धास्तीही वाटली. आत्यांची ही शेवटची विचारणा असणार, हे मला कळत होतं. या वेळीही पोरगी रडून परत आली असती तर त्यांनी पुन्हा कधी नाव काढलं नसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. परळी, अंबाजोगाई, लातूरकडे हा सण दिवाळीच्या तोडीचा. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी करायची, तिच्यात लक्ष्मी मांडायची, आणि मग ताकातलं आंबिल, कोवळ्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची मिसळ म्हणजे भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे. जायचं असेल तर हिवाळ्यातली ही अमावस्या कॅलेंडरवर बघून ठेवा, आणि ओळखीचं कुणी असेल तरच जा असं मुळीच नाही. का, ते पुढे येईलच.

पुण्याहून पहाटे निघालो. नगर, बीड, मांजरसुंबा असा रस्ता आता चांगला आहे. केजहून मुद्दाम धारूरला वळलो, कारण तनूला किल्ला बघायचा होता. तटबंदी अजून भक्कम आहे, आत झुडपं फार माजलीत, पाणी सोबत न्या. वरून बालाघाटाच्या टेकड्या दिसतात. अविनाश, म्हणजे माझा नवरा, तिला बुरुजावरून दरी दाखवत होता आणि मी तिला विचारत होते, रात्री आठवण आली तर काय करशील? तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, तिला नसेल येत तर तूच आणून दे आठवण.

आमचं गाव धर्मापुरीच्या अलीकडे. दिवस मावळताना पोचलो. आत्यांच्या चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं, आणि घरभर ताकात शिजणाऱ्या ज्वारीच्या पिठाचा वास सुटला होता. तनू वाटाणे सोलायला बसली. मी दुधाचा कप, रात्रीचा दिवा, उशी, सगळं कुठे ठेवलंय ते दोनदा सांगितलं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता जा बरं."

परळीत स्टेशनजवळ एक साधं लॉज मिळालं. खोली स्वच्छ होती आणि भाडं हजाराच्या आतलं. खिडकी मात्र उघडू नका, वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या टिपरांची धूळ गादीपर्यंत येते. जेवणात शेवभाजी आणि भाकरी, झणझणीत. लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवरा-बायको पहिल्यांदा एकटे बाहेर राहिलो होतो, आणि दोघंही फोन उशाशी ठेवून त्याच्याकडे बघत होतो. फोन वाजला नाही. मला वाटलं, रेंज नसेल.

सकाळी वैजनाथाचं दर्शन घेतलं. सणामुळे रांग मोठी होती, लवकर जा. बाहेर येऊन आबांना, म्हणजे सासऱ्यांना, फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मग मात्र मी अविनाशला चहासुद्धा पिऊ दिला नाही.

गावात पोचलो तर घराला कुलूप. शेजारी कुलूप. सगळी गल्ली रिकामी. येळवशीला गावात कुत्रंसुद्धा नसतं हे मला माहीत होतं, तरी मी कुलूप ओढून बघितलं. गाडी पारापाशी लावून आम्ही पांदीने, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेने, शेताकडे निघालो. दहा-पंधरा मिनिटांची वाट, असं अविनाश म्हणाला. पण तो लहानपणी तिथे राहिलेला माणूस, त्याच्या तरी लक्षात यायला हवं होतं. येळवशीला पांदीतून उपाशी कुणाला पुढे जाऊ देत नाहीत.

पहिल्याच शेतातून नामदेवकाकांनी हाक मारली. घाईत आहोत म्हणालो तर त्यांना ते कळलंच नाही. पत्रावळ आलीच. भज्जी खाता खाता मी तनूचं विचारलं. काका म्हणाले, सकाळी बघितली, आबांच्या ट्रॅक्टरवर होती, तोंड पार सुजलेलं. मी तिथेच हात धुतला. अविनाश म्हणाला, झोपेतून उठल्यावर ती तशीच दिसते. पण त्यानेही हात धुतला.

पुढच्या बांधाला धनगरवाड्यावरच्या सखूबाई बसल्या होत्या. शेळ्या हरभऱ्याच्या कडेने चरत होत्या आणि त्यांच्या पुढ्यात आंबिलाचा गडवा होता. आम्हालाही बसवलंच. "तुमची पोरगी व्हय? लई बोलती. मला जेवायला बोलवून गेली की." मी आंबिल एका दमात संपवलं. आंबट, गार, आणि इतकं चांगलं आंबिल मी आजवर प्यायले नव्हते.

आमच्या शेतात तनू आबांच्या मागून ज्वारीच्या कडेकडेने, येळवशीच्या रिवाजाप्रमाणे आंबिल शिंपडत, आरोळ्या देत पळत होती. फ्रॉकची पार दशा झाली होती. मला बघून ती धावत येईल म्हणून मी हात पसरले. ती लांबूनच म्हणाली, "आई, आधी जेवून घे." आणि पुढे गेली. मला हसू आलं आणि रडूही आलं. त्या दिवशीचं तिसरं जेवण मी पोटभर जेवले.

मग आत्यांना हळूच विचारलं, रात्री रडली का?

"रडली की. लेकरू हाय. मी म्हनलं, आबा जागलीला शेतात गेलेत, रानडुकरं येतेत म्हणून. घरात मला एकटीला भ्या वाटतंय. तू माझ्या सोबतीला झोपतीस का?"

आमच्या खेड्यांत ही पद्धत आहे. घरातला माणूस परगावी गेला की शेजारची पोर सोबतीला झोपायला पाठवतात. सोबतीला गेलेली पोर रडत नाही, तिच्यावर जबाबदारी असते. तनूने डोळे पुसले, दाराची कडी ओढून बघितली आणि आजीच्या अंगावर हात टाकून झोपली. मी म्हटलं, आत्या, शक्कल भारी काढलीत. त्या हसल्या आणि मला आणखी एक उंडा वाढला.

परत निघण्याआधी थोडं पुढे जाऊन धर्मापुरीचं जुनं देऊळ नक्की बघा, बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघायला निवांत तासभर ठेवा. मला तिथली एकेक मूर्ती आठवते आहे. आदल्या दिवशी धारूरच्या किल्ल्यावर काळजीपायी धड लक्षच लागलं नव्हतं, आता डोकं हलकं झालं होतं.

आत्यांना पुण्याला पोचल्याचा फोन केला, तेव्हा मी परत त्या शकलेचं कौतुक केलं.

"शक्कल कसली गं," त्या म्हणाल्या. "खरंच भ्या वाटतंय. पेरणी झाल्यापासून हे रोज जागलीला. मी आपली आढ्याकडं बघत पडती. त्या रातीला लई दिसांनी झोप लागली."

फोन स्पीकरवर होता. अविनाश जेवता जेवता थांबला. तनूने विचारलं, "मग आज आजीजवळ कोण आहे?"

दिवाळीपासून आम्ही सगळे एकाच काळजीत होतो, पोरीला आजीकडे झोप लागेल का. आजीला झोप लागते का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अविनाशने त्याच रात्री नामदेवकाकांना फोन केला. आता त्यांची नात आत्यांच्या सोबतीला झोपायला जाते, आणि आत्या म्हणतात, ती घोरते, पण बरं वाटतं.

संक्रांतीला आम्ही परत निघतोय. अविनाश आबांबरोबर जागलीला जाणार आहे. आम्हाला लॉजवर पिटाळायचं नाही, असं मी आत्यांना सांगून ठेवलंय. त्यांच्या एका बाजूला तनू झोपेल, दुसऱ्या बाजूला मी.