मे महिन्यातली पाहणी

डिसेंबरातल्या एका सकाळी दहा वाजता शेजारच्या सुमनकाकू सोसायटीच्या फाटकापाशी खुर्ची टाकून गुडघ्यांवर ऊन घेत होत्या. पूर्वी त्या आपल्या गॅलरीत बसत. दोन वर्षांपूर्वी दक्षिणेला नवी इमारत होणार होती, तेव्हा तिची सावली कुठवर येईल हे बघायला सोसायटीने मला गच्चीवर पाठवलं. महिना मे होता, सूर्य डोक्यावर होता. "काकू, तुमचं ऊन कुठे जात नाही," मी सांगितलं. त्यांनी हरकत नसल्याच्या कागदावर सही केली.

सूर्याची वाट वर्षभर सरकत असते, हे मी शाळेत शिकलो होतो. थंडीत तो दक्षिणेकडे उतरतो. ऊन हवंसं वाटतं ते त्याच दिवसांत, आणि आता त्याच दिवसांत तो त्या इमारतीमागे असतो.

"काकू, माझं चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं कसलं? मे महिन्यात गॅलरीत पाय ठेववत नाही, इतकं ऊन असतं. अगदी तू म्हणालास तसं!" त्या हसल्या.

तेवढ्यात सावली त्यांच्या पावलांवर आली. त्यांनी खुर्ची वीतभर पुढे ओढली, थोड्या वेळाने आणखी वीतभर. त्यापुढे रस्ता होता.