छतावरचं टोपडं

महाडच्या ज्या छोट्या दवाखान्यात मी मावशी म्हणून काम करते, तिथे बाळंतिणींच्या तिन्ही खोल्यांत छताला पालथ्या वाटीसारखं एकेक पांढरं यंत्र आहे. धूर झाला की ते कोकलतं. आम्ही त्याला भोंगाच म्हणतो.

माझं गाव हिंगोलीकडे. शाळा सातवीत सुटली. नवरा रस्त्याच्या कामावर इकडे आला, त्याच्यामागे मी. डॉक्टरबाईंनी कागद न विचारता मला कामाला घेतलं, त्याचे उपकार मी विसरत नाही. पण उपकाराबरोबर एक धाकही मनात बसला होता, की आपल्या हातून काही चुकलं तर परत जायचं कुठं.

एकदा कुणीतरी खोलीत मूठभर उदबत्त्या लावल्या आणि भोंगा वाजला. टाके घातलेल्या बाया पोट धरून जिना उतरल्या. एकीला खालीच भोवळ आली. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "मावशी, तुमचं लक्ष कुठं होतं?" एवढंच म्हणाल्या, पण ते मला फार दिवस पुरलं.

त्यानंतर पोलादपूरच्या वरच्या अंगाची, आंबेनळीकडच्या वाडीतली एक आजी सुनेला घेऊन आली. सिझर झालं, मुलगा झाला. पाचव्या दिवशी आजी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "आज पाचवी पुजायची हाय गो. इस्त्रीवाल्याकडनं निखारे आणते. धुरी दिल्याबिगर लेकराला डोंगर चढवू कशी?"

"आजी, भोंगा वाजेल."

"मग त्याला गप कर. तुझ्याच हातात हाय ना सगळं?"

माझ्या हातात सगळं आहे असं मला तोवर कुणी म्हणालं नव्हतं. धुरी मलाही पटत होती, माझ्या लेकरांनाही दिलेली. मी स्टुलावर चढले, यंत्रावर प्लास्टिकची पिशवी चढवली. ती घसरायला लागली तशी आजीनं बाळाचं पिवळं लोकरी टोपडं वर केलं. मी ते पिशवीवरून ओढलं आणि बंद आवळून गाठ मारली. छताला तान्हं मूल लटकावं तसं दिसत होतं. आजी, सून आणि मी, तिघी पोट धरून हसलो. सून म्हणाली, "हसवू नका गो, टाकं दुखतात."

पाचवी झाली. ओवा, वावडिंग, लसणीची सालं, सगळ्याची धुरी झाली. भोंगा गप्प राहिला. टोपडं मी काढलं नाही. सकाळी आंघोळीनंतर आजी पुन्हा धुरी देणारच होती, मग डॉक्टरबाईंची फेरी व्हायच्या आत काढणार होते. शिवाय खरं सांगायचं तर तो वाजणार नाही याचं मला बरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी धुरी देऊन आजीनं धुपाटणं राखेनं झाकलं, खाटेखाली सरकवलं आणि पेज आणायला खाली गेली. खाटेवरून गोधडीचं टोक खाली लोंबत होतं. मी बाहेर फरशी पुसत होते. बाळ ठसकलं, तो आवाज वेगळा वाटला म्हणून दार उघडलं. जाळ कुठंच नव्हता. गोधडी आतल्या आत धुमसत होती आणि खोलीत वरून खाली राखाडी धूर उतरत होता. सून औषधाच्या गुंगीत होती.

बाळ उचलून बाहेर नर्सच्या हातात दिलं. परत आत येऊन फरशीची बादली गोधडीवर ओतली. आणि मग, सुनेला उठवायच्या आधी, मी स्टुलावर चढून टोपडं पिशवीसकट काढलं. पदराखाली लपवलं. ती खोकत होती, मला ऐकू येत होतं, तरी मी आधी टोपडं काढलं. भोंगा लगेच कोकलला.

सगळे धावत आले. बाळ आणि बाळंतीण दोघं बचावली. बाळाला दोन दिवस मोठ्या दवाखान्यात नजरेखाली ठेवलं. डॉक्टरबाई आजीला नको नको ते बोलल्या. आजीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "माझंच चुकलं," म्हणाली. मी ओली गोधडी पिळत राहिले.

भोंगा इतक्या उशिरा कसा वाजला, म्हणून डॉक्टरबाईंनी यंत्रवाल्याला बोलावलं. तळ्यावर मार्चमधल्या सत्याग्रहाच्या दिवसाची गर्दी होती, रस्ते भरलेले, तो तिसऱ्या दिवशी आला. तोवर आजी वाडीला गेली होती. त्यानं यंत्र उघडलं आणि स्टूल धरून उभ्या असलेल्या मला दाखवलं. आत काळोखी डबी असते. एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला डोळा, पण दोघं तिरके, म्हणून दिव्याचा उजेड डोळ्यावर सरळ पडत नाही. डोळ्याला अंधारच दिसतो. धूर शिरला की उजेड त्याच्या कणांवर आपटून पसरतो, त्यातला थोडा डोळ्यात जातो, मग भोंगा वाजतो. मला आमच्या पत्र्याच्या घरातला कवडसा आठवला. चूल पेटली की तो नीट दिसायचा.

"मग हे उगाच का वाजतं?" मी विचारलं.

"उगाच वाजू नये म्हणून बरंच केलेलं असतं," तो म्हणाला. किडे शिरू नयेत म्हणून जाळी. बाहेरचा उजेड जाऊ नये, धूर मात्र जावा, म्हणून वाकड्यातिकड्या काळ्या पट्ट्या. एका झुळकीला ते ओरडत नाही, पुन्हा पुन्हा बघतं, धूर टिकला तरच वाजतं. धूळ साचली की फसतं, म्हणून पुसायचं. वाफही त्याला धुरासारखीच दिसते, म्हणून न्हाणीजवळ लावायचं नाही. "खोटं वाजलं तर साफ करा, जागा बदला, धुरी अंगणात द्या. त्याचं तोंड नाही बांधायचं, मावशी."

तो सहज बोलला असेल. त्यानं वहीत लिहिलं, यंत्रात दोष नाही. ते वाचून डॉक्टरबाई म्हणाल्या, "कमाल आहे." मी स्टूल उचलून जागेवर ठेवायला गेले.

दीड महिन्यानं आजी बाळाला लशीसाठी घेऊन आली. डॉक्टरबाईंनी हसून विचारलं, "काय आजी, आज पिशवीत निखारे नाहीत ना?" सगळे हसले. आजीही हसली. "नाय बाय, नाचणीचं पीठ हाय तुमच्यासाठी."

ते हसणं मला सोसलं नाही. मी म्हणाले, "बाई, भोंगा उशिरा वाजला नव्हता. मी त्याला बांधून ठेवला होता. आजी माझ्यासाठी गप्प राहिली."

डॉक्टरबाईंनी बाळाचं कार्ड पुढे ओढलं. "लस होऊ दे. मग वर या."

बाहेर बाकावर आजी चिडली. "कशाला बोललीस गो? मी काय, बोलणी खाऊन डोंगर चढले. मला आणखी काय करणार होत्या त्या? तुझं घर किती लांब." मग आवाज उतरवून म्हणाली, "टोपडं हाय काय? आत्यानं विणलंय."

माझ्या डब्याच्या पिशवीत होतं ते. दोनदा धुतलं होतं, तरी धुराचा वास गेला नव्हता. आजीनं बाळाला घालून पाहिलं. कानापर्यंतसुद्धा आलं नाही.

"वाढला," आजी म्हणाली आणि टोपडं घडी करून कमरेला खोचलं. मी जिना चढू लागले.