बाहुलीची पालखी आणि बारावीचं प्रॅक्टिकल

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो,

तुमच्यातल्या थोरलीने शाळेत लहान मुलांना सांभाळण्याचा विषय घेतला, तेव्हा तुमच्या बाबाने मला फोनवर विचारलं, "आई, हा काय विषय झाला? मुलं काय, वाढतातच की!" हाच तुमचा बाबा बालवाडीत असताना बाईंच्या मनगटाला चावला होता. त्यामुळे या बाबतीत त्याचं मत मी धरत नाही. पण फोनवर उत्तर देताना मध्येच आवाज तुटला, आणि अर्धवट उत्तर मला चालत नाही. म्हणून लिहून पाठवते आहे. मराठी अडलं तर त्यालाच वाचून दाखवायला सांगा. त्यालाही थोडी शिक्षा होईल.

मी महाडला जन्मभर इंग्रजी शिकवलं हे तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावर ज्युनिअर कॉलेजने मला अकरावी-बारावीच्या बालसंगोपनाच्या वर्गावर बोलावलं. या मुली पुढे बालवाडी किंवा अंगणवाडीत काम करणार होत्या. मी इंग्रजीची बाई, पण माझी शिस्त गावभर बदनाम होती. तीच कामाला आली.

माझे नियम थोडे होते. नखं कापलेली हवीत. मुलाशी बोलायचं तर आधी त्याच्या उंचीला खाली बसायचं. आणि "गप्प बस" हे दोन शब्द वर्गाच्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायचे. हे सगळं मुलींना जमलं. जमलं नाही ते बेडकाचं गाणं. सोळा वर्षांच्या मुलीला मैत्रिणींसमोर "डरांव" करत उडी मारायला सांगून बघा. एक जण म्हणाली, "बाई, त्यापेक्षा गणिताचा पेपर द्या."

न लाजता उडी मारली ती एकीनेच. कुडपणच्या बाजूच्या एका डोंगरवाडीतली मुलगी, शिकण्यासाठी महाडजवळच्या नाते गावात मावशीकडे राहिलेली. तिच्या वाडीतले तरुण आईबाप बहुतेक मुंबईला. मुलं आजीच्या ताब्यात, आणि सगळ्यात जवळची बालवाडी उतार उतरून पार खाली. हिला घरच्याच पडवीत बालवाडी काढायची होती. आजीने तर पडवी सारवूनही ठेवली होती. अडून बसला होता तो बाप. तो मुंबईला नोकरीला. त्याने फोनवर निकाल देऊन टाकला होता: "पास झालीस तर ऱ्हा वर. पोरं सांभाळण्यातबी नापास झालीस, तर काकाकडं यायचं, प्याकिंगच्या कामाला."

तर तिचं सगळं त्या प्रॅक्टिकलवर होतं. नाते गावातल्या बालवाडीत, बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाईंसमोर मुलांचा पाठ घ्यायचा. विषय होता वाहने. तिने रात्री जागून एसटी, रेल्वे, होडी आणि विमानाची चित्रं काढली होती. एसटीचा लाल रंग तर इतका खरा होता की मला पोलादपूरचा स्टँड आठवला.

पण शिमगा तोंडावर आला होता. गावात ढोल काढून उन्हात तापवायला ठेवले होते आणि मुलांच्या अंगात पालखी शिरली होती. पाठ सुरू होतो न होतो तोच दोन शेंड्यांच्या एका चिमुरडीने कोपऱ्यातला पाट उचलला, त्यावर बाहुली बसवली आणि चौघांनी तो खांद्यावर घेतला. बाकीच्यांनी डबे बडवायला सुरुवात केली. एकाने एसटीचं चित्र भिंतीवरून काढून निशाण म्हणून पुढे धरलं. निघाली पालखी!

परीक्षक बाई जरा वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "छान. आता ते खाली ठेवा आणि बसा."

डबे थांबले. पालखी थांबली नाही, जागच्या जागी नाचत राहिली.

"पालखी भुईवर नाय ठेवायची," चिमुरडीने समजावलं. "देवी कोपते."

"अगं, ही बाहुली आहे ना?"

"मगाशी व्हती. आता देवी हाय."

बाईंनी बाहुली उचलायला हात पुढे केला मात्र, मुलांनी असा गलका केला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस हंबरली. बाईंनी हात मागे घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. मला बोलायची परवानगी नव्हती. मी फक्त घामाघूम होऊ शकत होते, ते मी केलं.

आमची डोंगरवाडीची मुलगी एकदा माझ्याकडे बघून पुढे आली. मग ओढणी डोक्यावर घेऊन पाटासमोर गुडघ्यांवर बसली आणि हात जोडून खणखणीत गाऱ्हाणं घालू लागली, गावचे मानकरी देवीला घालतात अगदी तसं.

"हे आई! आज ही तुझी लेकरं इथं जमलीत. कोण चालत आला, कोण कडेवर बसून आला..."

"होय महाराजा!" सगळी पोरं एका सुरात.

"कुनाचा बापूस एसटीनं गेलाय, कुनाची आई रेल्वेनं गेलीय. त्यांना शिमग्याला सुखरूप घरी आन!"

"होय महाराजा!" हे जरा मोठ्याने आलं.

"होडीवाल्याला तार, इमानवाल्याला सांभाळ! आणि आता तू तुझ्या जागेवर बस, नि लेकरांना मांडी घालून बसव!"

"होय महाराजा!"

"एक घर ऱ्हायलं गो ताई," चिमुरडी म्हणाली. पालखी सगळी घरं घेतल्याशिवाय बसत नाही.

"हे काय शेवटचं घर," म्हणत मुलीने परीक्षक बाईंच्या खुर्चीकडे बोट केलं. पालखी बाईंसमोर नाचली. बाईंनी पर्समध्ये शोधशोध करून खोकल्याची गोळी वाहिली. मग देवी टेबलावर बसली आणि पोरं खाली, मांडी घालून. "गप्प बस" कुणी म्हटलं नव्हतं.

"पण विमान एकाच वाक्यात उरकलंत," बाई मुलीला म्हणाल्या.

"आमच्याकडून कुनी जात नाय त्यानं," ती म्हणाली. बाई खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिल्या.

ती पास झाली. बाप गणपतीला गावी आला तो खांद्यावर मोठा फळा घेऊन. शब्द पाळला, पण तोंडाने कबूल करेल तर शपथ. मला म्हणाला, "मुंबईत पडून व्हता कुठंतरी, म्हणून आणला."

आमचा कॉलेजातला वर्ग पुढे बंद पडला, पुरेशा मुली येईनात. त्या डोंगरवाडीतली बालवाडी मात्र रोज सकाळी पडवीत भरते, आणि तीच ती चालवते.