रेडिओवर बाबलीचा पखवाज

हौसाबाई तारकर्लीची. नवरा धोंडू वारल्यापासून बारा वर्षं ती माशांची पाटी डोक्यावर घेऊन वाडी वाडी फिरत होती. एकुलता एक मुलगा बाबली मुंबईत गिरणीला लागलेला. चार वर्षांत त्याला घरी यायला जमलं नव्हतं.

बासष्ट सालच्या मार्गशीर्षात त्याचं पत्र आलं. पोस्टमननं ते वाचून दाखवलं. गिरणीतल्या भजनी मंडळाला रेडिओवरच्या कामगारांच्या कार्यक्रमात बोलावलं होतं, येत्या गुरुवारी संध्याकाळी, आणि पखवाज बाबली वाजवणार होता.

गावात रेडिओ एकच, ग्रामपंचायतीचा. तो शिपाई काशीराम सांभाळी. वीज आली नव्हती, रेडिओ बॅटरीवर चाले. संध्याकाळी पुरुष ऐकत बसत. बायका तिकडे फिरकत नसत. हौसाबाईनं जाऊन काशीरामला पत्राचं सांगितलं, पण बॅटरी पार उतरली होती आणि ती भरून आणायला गाडी मिळायची ती पुढच्या आठवड्यात. बघतो, एवढंच तो म्हणाला. हौसाबाईनं मनातून आशा सोडली.

गुरुवारी दुपारी शेजारची रुक्मिणी मालवणच्या बाजारातून परतली ती सांगतच, की काशीराम बॅटरी डोक्यावर घेऊन पायी मालवणला गेलाय आणि सकाळपासून पिठाच्या गिरणीच्या दारात ती तिथल्या इंजिनावर भरून व्हायची वाट बघत बसलाय.

संध्याकाळी दोघी पंचायतीबाहेर उंडीच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. काशीराम बाहेर आला.

"हौसाकाकी, भायर कित्याक रवलंस? भितूर येवन बस."

आत म्हातारे आबा सरकले आणि त्यांनी आपली चटई पुढे केली. दोघी तिच्यावर बसल्या.

आधी बाजारभाव झाले. मग कांद्यावरच्या रोगाची माहिती, जी त्या गावात कुणाच्याच कामाची नव्हती. मग बातम्या. हौसाबाई सगळं मान हलवत ऐकत होती. शेवटी भजन लागलं. निवेदकानं नाव फक्त मंडळाचं घेतलं. गाणारे पाचसहा जण, आवाज ओळखू येईना. पण दुसऱ्या कडव्याला पखवाज चढला आणि समेवर येताना किंचित रेंगाळला. देवळात पखवाज वाजवताना धोंडू असाच रेंगाळायचा, आणि बाबली त्याच्याकडूनच शिकला होता.

"ह्यो हात माझ्या झिलाचोच," ती हळूच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

भजन संपलं, पुढे नाटिका लागली, तरी ती उठली नाही. दोन मूर्खांच्या भांडणाला तीही मोठ्यानं हसली.

दुसऱ्या दिवशी तिनं पाटीतली सगळ्यात ताजी सुरमई काशीरामच्या घरी नेऊन दिली. त्याची मान अजून अवघडलेली होती, पण बॅटरीचा विषय त्यानं काढला नाही. त्या संध्याकाळीही ती रेडिओ ऐकायला गेली. आठवड्याभरात आणखी चार बायका येऊ लागल्या, आणि काशीरामनं त्यांच्यासाठी वेगळी चटई विणून घेतली.

बाबली शिमग्याला आला तेव्हा हौसाबाई त्याला आधी काशीरामच्या पाया पडायला घेऊन गेली. पुढे कैक वर्षं देवळात हात जोडताना मुलाच्या नावापाठोपाठ ती काशीरामचंही नाव घेत असे.