अर्ध्या मापाचं औषध

उमरखेड तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला होतो, तेव्हा गावोगावी शेळ्यांसाठी जंताचं औषध वाटायचं काम माझ्याकडे होतं. नाल्याकाठी चरणाऱ्या शेळ्यांच्या यकृतात पानासारखे चपटे जंत होतात, मग गळ्याखाली पाणी साचून सूज येते. बाटल्या कमी यायच्या. शेवटच्या घरापर्यंत औषध पुरलंच पाहिजे, हा माझा हट्ट. म्हणून मी प्रत्येक घरी अर्धंच माप ओतून द्यायचो. पाजायचं काम घरच्यांचं. लोक मला देवमाणूस म्हणत. मला ते आवडायचं.

एका वर्षी शेळ्या पाळणारी एक बाई ग्रामपंचायतीसमोर सगळ्यांदेखत म्हणाली, "डाक्टर, तुमचं औषध लागून नाई राह्यलं. बकऱ्यायच्या गळ्याखाली पुन्हा पाणी उतरलं."

अर्ध्या मापाचं बिंग फुटेल, या भीतीने मी ओरडलो, "तूच निम्मं सांडवतेस!"

बचत गटाच्या बायका तिला पशुसखी नेमणार होत्या. शेळ्यांना औषध पाजण्याचा तो मान दुसरीला गेला.

यंदा माझी नात सुटीत आली. नागपूरला प्रयोगशाळेत ती याच जंतांवर काम करते. जेवताना सांगत होती, "कमी औषधाने कमजोर जंत मरतात, आजोबा, चिवट उरतात. त्यांतले काही जंत एक प्रथिन जरा जास्तच तयार करतात. ते प्रथिन आत आलेलं औषध बाहेर ढकलत बसतं. पुढची पिढीही तशीच निपजते."

त्या गावचे जंत माझ्यामुळेच चिवट झाले, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण दोष त्या बाईचा नव्हता, हे मला तेव्हाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन त्या बाईच्या गावी गेलो. बाईचे केस पांढरे झालेत, शेळ्या मात्र दारात आहेत. तिच्या अंगणात हात जोडले, सगळं सांगितलं.

"इथं माह्या बकऱ्यायले सांगून काय फायदा?" ती म्हणाली. "जिथं बोलले होते, तिथंच बोला."

ग्रामपंचायतीसमोर बचत गटाच्या बायका जमल्या. मी काही न लपवता बोललो. मग एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे देवमाणूस अर्धाच निघाला वं!"

हशा पिकला. सगळ्यांत जोरात ती बाईच हसत होती. पदराने डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. आम्हीही हसलो.

दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनी वेगळं औषध लिहून दिलं होतं. कापूस तोलायच्या काट्यावर एकेक शेळी तोलून वजनाप्रमाणे पूर्ण माप पाजायचं ठरलं. पाजायची पिचकारी बायकांनी आपणहून तिच्या हातात दिली. पहिलाच बोकड दांडगा निघाला.

"डाक्टर, पाहून काय राह्यले?" ती गरजली. "शिंगं धरा!"

मी धरली.